तेरा तारखेची खिडकी

बँकेत आमच्या काळी नवं खातं उघडायचं तर पैशांच्या आधी एक सही लागायची. जुन्या खातेदाराची. 'या गृहस्थांना मी ओळखतो,' एवढंच त्या सहीचं म्हणणं असे. गावात बदलून आलेला नवा मास्तर खिशात पगाराचा चेक घेऊन काउंटरशी उभा राहायचा आणि त्याला ओळखणारं गावात कुणीच नसायचं. मग शिपाई समोरच्या वाण्याला बोलावून आणायचा. वाणी मास्तरांना नीट न्याहाळायचा, 'हो, आमच्याकडनं साखर नेतात,' म्हणायचा आणि सही ठोकायचा. नियमांच्या पुस्तकात साखरेचा उल्लेख कुठंच नव्हता. पण असल्या सहीवर उघडलेली खाती बिघडलेली मी तरी फारशी पाहिली नाहीत. पुढे ओळखपत्रांचा जमाना आला आणि ओळख देणाऱ्याचा रकाना फॉर्मवरून गेला.

परदेशात राहायला गेलेल्या माणसाची अडचण नेमकी याच रकान्याशी येते. व्हिसा असतो, घराचा करार असतो, विमा असतो, कागद सगळे चोख असतात. 'हे आमच्याकडनं साखर नेतात' म्हणणारं तेवढं कुणी नसतं. एरवी हे खपून जातं. कामाच्या रगाड्यात दिवस निघतात. पण डिसेंबर लागला, घराघरांत दिवे लागले, लोक एकमेकांच्या घरी डबे घेऊन जायला लागले, की तो रिकामा रकाना डोळ्यांत खुपायला लागतो. आपल्या दिवाळीत वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलाला विचारा, तो सांगेल.

आमचा मुलगा २०१७ साली जर्मनीला गेला. श्टुटगार्टपासून लोकलनं अर्ध्या तासावर ब्योब्लिंगेन नावाचं गाव आहे, मोटारींच्या कारखान्यांच्या टापूतलं. (श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. हे तिथं गेल्यावर कळतं. मुंबईत मला कुणी सांगितलं नव्हतं.) सून पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची. मुलाच्या परवान्याचा प्रकार असा होता, की बायकोला भाषेची परीक्षा न देता सोबत जाता येतं आणि नोकरीही करता येते. कागदावर मुभा होती. भाषा येत नसताना गणिताच्या मास्तरणीला फळ्यासमोर उभं कोण करणार, हा प्रश्न कागदावर नव्हता.

२०१८ च्या ऑक्टोबरात तिचा फोन आला. 'आई, मार्चमध्ये मी मुलीला घेऊन परत येते. आमचं भांडण वगैरे काही नाही. मला इथं जमत नाही, एवढंच.' सौ.नं फोन माझ्या हातात दिला. मला ती म्हणाली, 'बाबा, गेल्या आठवड्यात घराबाहेर मी मोठ्यानं किती वाक्यं बोलले ते मोजलं. अकरा. त्यातली सात बेकरीत.'

गणिताची माणसं दुःखसुद्धा मोजून सांगतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं तिथं पोचलो. हा संसार दोन खंडांत वाटला जाणार होता. तो सावरायला आपण आलो आहोत की सुनेला सामान बांधू लागायला, हे आम्ही विमानात एकमेकांना विचारलं नाही.

त्या दिवसांत तिथं सव्वाआठच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. मुलगा अंधारात जायचा, अंधारात यायचा. पाच वर्षांची नात बालवाडीत. इमारत तीन मजल्यांची, सहा बिऱ्हाडांची. त्या मुलखात 'केरवोख' नावाची एक प्रथा आहे. 'वोख' म्हणजे आठवडा. पहिल्या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. जिना झाडायची पाळी ज्या बिऱ्हाडाची, त्याच्या दाराला एक पाटी लटकते. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. हिचं मूळ लोक पंधराव्या शतकातल्या श्टुटगार्टच्या एका फर्मानापर्यंत नेतात. सून पाळीप्रमाणे जिना झाडायची, पुसायची, पाटी पुढच्या दाराला अडकवायची. वर्षभरात कुणी तिला नाव ठेवलं नाही आणि कुणी तिचं नाव विचारलंही नाही.

'थंड लोक आहेत,' असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. ओळख आणि मैत्री ही त्यांच्याकडे दोन वेगवेगळी खाती आहेत आणि एकातली रक्कम दुसऱ्यात आपोआप वळती होत नाही, एवढंच. हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते नाताळच्या बाजारात. श्टुटगार्टचा बाजार जुना, १६९२ पासूनच्या नोंदी आहेत म्हणतात. लाकडी दुकानांची छपरंसुद्धा सजवतात. कुठं हरणं, कुठं देवदूत, कुठं पाइनच्या फांद्यांचे ढीग. गरम मसाल्याची वाइन मातीच्या रंगीत पेल्यातून देतात आणि पेल्यावर अनामत घेतात. पेला परत केला की पैसे परत. (बँकेच्या माणसाला हा व्यवहार फार आवडतो.) तिथं अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, थंडी किती पडली ते बोलतात, नातीच्या टोपीचं कौतुक करतात, हसतात. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा गाडीत समोर बसतो आणि खिडकीबाहेर बघतो. यात गैर काही नाही. गणपतीच्या मांडवात शेजारी उभं राहून आरती म्हटली म्हणून कुणी आपल्याला घरी जेवायला बोलावत नाही.

मुलाच्या कचेरीतही नाताळची मेजवानी झाली. चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देण्याचा तिथं खेळ असतो, किमतीची मर्यादा आधी ठरलेली. त्याला एक मेणबत्ती मिळाली. सोमवारी सगळे पुन्हा आपापल्या पडद्यांसमोर. आणि मराठी मंडळ होतंच. दिवाळीचा कार्यक्रम, बटाटेवडे, नाट्यगीतं, सगळं मनापासून. मंडळांना हसणाऱ्यांतला मी नाही. परमुलखात आपल्या भाषेत चार तास बोलायला मिळणं हे औषधच आहे. पण मंडळ असतं महिन्यातल्या एखाद्या शनिवारी आणि जिना असतो रोज. शिवाय नाताळच्या सुट्टीत मंडळातली निम्मी माणसं भारतात आणि उरलेली स्वित्झर्लंडात.

नोव्हेंबरच्या शेवटी खालच्या सूचना-फलकावर एक हातानं लिहिलेला कागद लागला. त्या फलकावरचा कागद म्हणजे कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिंपात, याविषयीच काहीतरी असणार, असा घरात समज. मुलानं फोननं छायाचित्र घेऊन भाषांतर करून पाहिलं. त्या अक्षरापुढे फोननं हात टेकले. सून मात्र शब्दकोश घेऊन बसली आणि अर्ध्या तासात तिनं तो कागद सोडवला. 'जिवंत पंचांग' अशा अर्थाचं काहीतरी होतं ते.

याचं थोडं सांगायला हवं. नाताळच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ येतो त्याला 'आडव्हेंट' म्हणतात, म्हणजे येण्याची वाट पाहण्याचा काळ. हिरव्या फांद्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक जास्त पेटवायची. याची सुरुवात हांबुर्गच्या विखर्न नावाच्या पाद्रीबुवांनी केली. १८३९ साली आपल्या अनाथगृहातली मुलं 'नाताळ कधी, नाताळ कधी' म्हणून भंडावून सोडत, तेव्हा त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला दिले. तसंच मुलांसाठी चोवीस खणांचं पंचांग असतं. रोज एक दार उघडायचं, आत चित्र नाहीतर खाऊ. ती छापून विकायला काढली गेऱ्हार्ड लांग नावाच्या म्युनिकच्या मुद्रकानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. हा मूळचा श्टुटगार्टच्याच बाजूच्या माउलब्रोनचा. लहानपणी त्याच्या आईनं पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं लावून त्याला दिली होती, असं सांगतात. आणि जिवंत पंचांग म्हणजे त्या पुठ्ठ्याची झालेली गल्ली. १ ते २४ डिसेंबर, रोज संध्याकाळी एका घराची खिडकी उजळायची. खिडकीवर तारखेचा आकडा. शेजारीपाजारी बाहेर रस्त्यावर जमतात, एखादं गाणं, एखादी गोष्ट, गरम पेय, बिस्किटं. अर्ध्या तासात पांगापांग. घरात कुणी कुणाला घेत नाही. कागदाच्या तळाशी दोन रेघा मारून लिहिलं होतं : कप आपापला आणावा.

चोवीस चौकोनांतले बरेच भरत आले होते. तेरावा रिकामा. तेराला तेही बिचकतात. 'तेरा तर मूळ संख्या आहे,' सून म्हणाली, आणि पेन्सिल हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. मुलगा म्हणाला, 'आपण ख्रिश्चन नाही. त्यांना चालेल का, विचारायला हवं.' विचारायचं कुणाला? पेन्सिल परत खणात गेली.

२ डिसेंबरला आडव्हेंटचा पहिला रविवार होता. त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक तारा लागला. कागदाचा, सगळ्या बाजूंनी टोकं आलेला, आत दिवा. आम्ही फिरून परत येत होतो. सून रस्त्यात उभी राहिली ती हलेना. थंडीनं नाक लाल झालेलं, ओठ पुटपुटतायत. 'बाबा, चौकोनी बुडाची टोकं आहेत आणि त्रिकोणी बुडाचीही. पण मागची बाजू दिसत नाही.'

तिथं न कळवता कुणाच्या दाराची घंटा वाजवणं म्हणजे अगोचरपणा. पण मागची बाजू मोजल्याशिवाय हिला झोप येणार नव्हती. ती तशीच कोट न काढता वर गेली. आम्ही खाली जेवणाची पानं मांडून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पन्नास मिनिटांनी आली तेव्हा हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

'पंचवीस टोकं,' ती दारातूनच म्हणाली. 'सतरा चौकोनी, आठ त्रिकोणी. आतला सांगाडा सव्वीस बाजूंचा आहे, अठरा चौकोन आणि आठ त्रिकोण. एक चौकोन दिवा घालायला मोकळा सोडलाय.' मग कोट काढत म्हणाली, 'आई, आपल्या कंदिलाला काटे फुटलेत, तसा आहे तो.'

वर एक पंचाहत्तरीच्या बाई एकट्या राहायच्या. त्यांनी तो तारा खाली उतरवून, एकेक टोक सुटं करून हिला दाखवलं होतं. त्या पूर्वेकडच्या, झाक्सन प्रांतातल्या. तिथं हेर्नहूट नावाचं गाव आहे. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी वसवलेलं, २०२४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं. त्या पंथाच्या निवासी शाळांमधून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तारे बनू लागले, ते मुलांना भूमिती कळावी म्हणून. घरापासून दूर ठेवलेली मुलं आडव्हेंटच्या पहिल्या रविवारी तारा बनवायची. ही हकिगत सांगताना सुनेचा आवाज जरा वेगळा लागला. भूमितीचा तास दोनशे वर्षं खिडकीत लटकत राहिला, याचा तिला एका गणिताच्या शिक्षिकेला व्हावा तसा अभिमान वाटत होता.

'आणि मी विचारलं त्यांना तेरा तारखेचं. आम्ही हिंदू आहोत, चालेल का म्हणून.'

'मग?'

'म्हणाल्या, तुमची एक खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे ना? मग झालं.'

पेन्सिल खणातून बाहेर आली.

पुढचे दहा दिवस आमचं घर म्हणजे लग्नघर. कंदिलाच्या कामट्यांना मांस भाजायच्या लाकडी सळया मिळाल्या. पारदर्शक रंगीत कागद नातीच्या बालवाडीतला; ११ नोव्हेंबरला तिथं मुलं कागदी दिवे घेऊन संत मार्टिनची मिरवणूक काढतात, त्यातला उरलेला. झिरमिळ्या कापायचं काम मला होतं आणि मी ते, सांगायला हरकत नाही, उत्तम केलं. शंकरपाळ्यांचं खातं सौ.कडे. तिथं पिठाच्या पुडक्यावर आकडे असतात. ४०५ नंबरचं पीठ म्हणजे आपला मैदाच म्हणायला हरकत नाही. तुपाला तिथं 'बुटरश्माल्त्स' म्हणतात, हा शब्द सौ.नं एका दिवसात पाठ केला. वरच्या बाई एकदा डोकावल्या तेव्हा सौ. कातणीनं शंकरपाळ्या कापत होती. त्यांनी कातणी हातात घेऊन फिरवली, घाईनं वर गेल्या आणि आपली कातणी घेऊन आल्या. तशीच, मूठ लाकडी. मग दोघी शेजारी बसून कापत राहिल्या. एकीला मराठी येत होतं, एकीला जर्मन, आणि संभाषण थांबलं असं मला कधी ऐकू आलं नाही.

चहा कशात करायचा, हा मोठा प्रश्न. तळमजल्यावरचे गृहस्थ, ज्यांचं तोवर आम्ही फक्त खोकणं ऐकलं होतं, ते एक विजेचं अवाढव्य पिंप घेऊन आले. फळं बाटल्यांत भरून टिकवायचं भांडं ते, खाली तोटी. दूध त्यात तळाशी लागेल, हे सौ.नं ओळखलं. म्हणून पिंपात आलं घातलेलं कोऱ्या चहाचं पाणी आणि दूध वेगळं, असं ठरलं.

१३ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळचे सहा. पावणेसहापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि सून गॅलरीत चार वेळा जाऊन आली होती. सहाला दोन मिनिटं असताना गल्लीच्या दोन्ही टोकांनी माणसं दिसू लागली. प्रत्येकाच्या हातमोज्यात एकेक कप. मी मोजली : अडतीस माणसं, दोन कुत्री. खिडकीत कंदील लागला, खाली कापलेला तेराचा आकडा, आणि गर्दीतून 'आs' असा आवाज आला. हा उच्चार सगळ्या भाषांत एकच असावा.

सुनेनं जर्मनमध्ये अर्धं पान लिहून ठेवलं होतं, दिवाळी म्हणजे काय वगैरे. दोन ओळी वाचल्या, कागद थरथरायला लागला. तिनं तो घडी करून खिशात टाकला आणि पुढे उभ्या असलेल्या मुलांना विचारलं, 'किती चौकोन दिसतात?'

मुलं ओरडायला लागली. कुणी आठ म्हणे, कुणी बारा. 'त्रिकोण?' पुन्हा गोंधळ. 'आणि मागच्या बाजूला किती असतील? दिसत नाहीत. मग कसं कळेल?' आता मोठी माणसंही बोटं नाचवायला लागली. खोकणारे गृहस्थ आणि एक दाढीवाला तरुण यांच्यात तर वादच लागला. सून हात वर करून एकेकाला बोलायला लावत होती, चुकलेल्याला 'पुन्हा बघ' म्हणत होती. तिचं व्याकरण कच्चं होतं, ते मला नातीनं नंतर सांगितलं. पण तो आवाज पुण्यातल्या वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता. आम्ही तो सव्वा वर्षात ऐकला नव्हता. मुलगा तोटीशी उभा राहून कपांत चहा भरत होता. त्यानं मान वर केली नाही, पण एक कप भरून वाहिला.

शेवटी लोकांनी त्यांचं एक नाताळचं गाणं म्हटलं. साडेसहाला रस्ता मोकळा. शंकरपाळ्यांच्या परातीत फक्त साखरेचा चुरा.

जाता जाता एक. आकडे हिला पहिल्यापासून सोपे गेले, त्याला कारण आहे. जर्मनमध्ये तेवीसला 'तीन आणि वीस' म्हणतात, अगदी आपल्या तेवीससारखं, एकक आधी. वर्गातल्या इतर देशांच्या लोकांना त्याचा घाम फुटायचा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' आलं आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला, तेव्हा हिनं ब्योब्लिंगेनहून फोन करून मला तासभर पिडलं होतं. माणसांना हाक मारण्याचंही तसंच. इंग्रजीतून आलेल्या माणसाला 'डू' आणि 'झी', म्हणजे तू आणि तुम्ही, यांतला फरक पाठ करावा लागतो. आपल्याला तो आईच्या दुधातून येतो. फक्त तिथला एक नियम वेगळा. तुम्ही वरून तूवर यायचं तर ते थोरल्यानं सुचवायचं, आणि एकदा ठरलं की मागे फिरायचं नाही.

पत्र्याच्या डब्याचं सांगायचं राहिलं. बाईंनी दिलेल्या डब्यात श्प्रिंगर्ले नावाची बिस्किटं होती, लाकडी साच्यांतून चित्रं उठवलेली, बडीशेपेच्या वासाची. बाई पूर्वेकडच्या, पण ही कला त्यांनी इथं येऊन शिकलेली. भांडं रिकामं परत करू नये, ही आपली रीत, सौ.नं चिवडा भरून डबा वर पाठवला. दोन दिवसांनी डबा पुन्हा खाली, आता अक्रोडाच्या वड्या. तो डबा त्या महिन्यात जिन्यावरून इतक्या वेळा वर-खाली गेला, की केरवोखवाल्यांनी त्यालाही पाटी लावायला हवी होती.

२४ तारीख मात्र वेगळी. श्टुटगार्टचा बाजार आदल्या दिवशीच उठलेला. २३ ला रविवार म्हणून दुकानं बंद, २४ ला त्या राज्याच्या कायद्यानं दुपारी दोनला बंद, २५ आणि २६ पुन्हा बंद. दोननंतर गाव असं गप्प होतं की आपल्याला आपल्या बुटांचा आवाज ऐकू येतो. प्रत्येक खिडकीत उजेड आणि प्रत्येक दार लावलेलं. नव्या माणसाला घरची आठवण छळते ती या संध्याकाळी. सौ.चा जीव वरच्या बाईंसाठी तुटत होता. 'एकटी बाई सणाच्या दिवशी उपाशी बसेल का? खाली बोलव तिला.' सून विचारून आली. बाई म्हणाल्या होत्या : आज नको. आज मी चारही मेणबत्त्या लावते, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज खाते, मुलीला फोन करते. ही संध्याकाळ माझी मला लागते. २६ ला तीन वाजता तुम्ही सगळे कॉफीला या.

सौ.ला ते काही पटलं नाही. मला पटलं. आमच्या पिढीत एकटं राहणं म्हणजे दया करण्याची गोष्ट, असं आपण धरूनच चालतो.

२६ ला तीन म्हणजे तीन. आम्ही दोन मिनिटं जिन्यात उभे राहून घंटा वाजवली. बाईंनी ड्रेस्डेनचा श्टोलन कापला, साखरेनं पांढरा झालेला, आत बेदाणे. बोलता बोलता सून म्हणाली, 'मला इथं सव्वा वर्ष झालं, अजून मी बाहेरचीच आहे.' बाई म्हणाल्या, 'मी १९९० ला आले. भिंत पडली, कारखाना बंद झाला, म्हणून आले. अठ्ठावीस वर्षं झाली. तोंड उघडलं की माझ्या बोलीवरून अजून विचारतात, तुम्ही कुठल्या? पण आता मी तेवढ्यानं घरी परत जायची भाषा करत नाही. मी तारा लावते.' नातीनं हे आमच्यासाठी तिच्या पद्धतीनं मराठीत आणलं : 'आजी म्हणते, ती पण बाहेरची आहे, पण तिच्याकडे स्टार आहे.'

मग बाईंनी छोट्या पेल्यांत काहीतरी ओतलं, आपलं पहिलं नाव सांगितलं आणि सुनेला म्हणाल्या, आता 'डू' म्हण. सुनेनं एकदा म्हटलं, आणि लगेच मराठीत आमच्याकडे वळून, 'बाबा, मला एवढ्या मोठ्या बाईंना अरे-तुरे करवत नाहीये हो.'

जानेवारीच्या मध्याला आम्ही परत निघालो. सामान फक्त आमचंच होतं. जादू झाली असं मी म्हणणार नाही. त्या अकरा वाक्यांची एका महिन्यात शंभर होत नाहीत, आणि फेब्रुवारीत तिनं रडत फोन केलाच. पण भाषेच्या पुढच्या वर्गाचे पैसे तिनं भरलेले होते आणि मार्चच्या तिकिटाचा विषय निघाला नाही. पुढच्या नोव्हेंबरात फलकावर कागद लागला, तेव्हा तेराच्या चौकोनात कुणीतरी आधीच पेन्सिलीनं हिचं नाव घातलं होतं. २०२० च्या साथीत जमायला बंदी आली. खिडक्या तेवढ्या उजळत राहिल्या, लोक एकेकटे येऊन लांबून बघून जात. २०२१ पासून ती मुलांच्या शिकवण्या घेते. शाळेत पूर्ण वेळ अजून नाही. कागद व्हायचे आहेत, असं म्हणते.

वरच्या बाई २०२२ च्या शरदात मुलीकडे ड्रेस्डेनला राहायला गेल्या. जाताना पत्र्याचा डबा ठेवून गेल्या, रिकामा नव्हे. तळमजल्यावर त्याच सुमाराला युक्रेनहून एक बाई दोन मुलांना घेऊन राहायला आल्या होत्या, नवरा तिकडेच. नोव्हेंबरात फलकावर कागद लागला तेव्हा सून तो काढून घेऊनच त्यांच्या दारी गेली. त्या बाईंना जर्मन येत नव्हतं. कागद बघून त्या आधी कचऱ्याची पिंपं दाखवायला निघाल्या म्हणे. शेवटी वीस तारीख ठरली. त्यांच्याकडे नाताळला अख्ख्या गव्हाचा एक गोड पदार्थ करतात, कुतिया म्हणतात त्याला. खसखस, मध आणि अक्रोड घालून. त्या बाईंना तो चाळीस माणसांसाठी करायचा होता, आणि एवढ्या मापाचा अंदाज नव्हता.

सुनेनं रात्री पुण्याला फोन लावला. तिकडे मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. 'आई, तुमची गव्हाची खीर असते ना, तिला गहू किती वेळ भिजवायचे? आणि कप आपापले आणणार आहेत, म्हणजे माणशी किती धरू?'

'रात्रभर भिजव,' सौ. म्हणाली. 'आणि माणशी वाटीभर धर. कप मोठे असतात तिथले.'